चाड्याखालच्या तीन वाट्या

तिफणीतली चूक पेरणीच्या दिवशी कळत नाही. पेरा होतो, पाऊस लागतो, कोंब वर येतात, सगळं ठीकच वाटतं. कळतं ते कोळपणीला. दोन तासांतलं अंतर कुठं कमी पडलं असेल तर कोळप्याची पास पीकच कापत जाते आणि जास्त पडलं असेल तर तणाची अख्खी पट्टी उभी राहते. म्हणून माझे आबा म्हणायचे, तिफण आणि कोळपं एकाच हातचं पाहिजे.

आबा भोकरदन तालुक्यातले सुतार. त्याआधी फौजी. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्यभरती वाढली, तेव्हा ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये गेले. घरचा धंदा सुतारकीचा, त्यामुळं तिथंही हातात करवत आणि रंधाच आला. राम राघोबा राणे याच पलटणींतले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत, शत्रूनं आडवी पाडलेली झाडं हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आबांच्या बोलण्यात हे नाव आलं की हातातलं काम थांबायचं.

स्वतःच्या लढाईबद्दल मात्र ते फारसं बोलत नसत. बोलत ते बेली पुलाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्यानं काढलेली ही रचना. दहा फुटी पोलादी चौकटी, एकेक अडीचशे किलोच्या वर, सहा जवानांनी उचलायची; पिना घालून एकमेकींना जोडायच्या; वर लाकडी फळ्या अंथरायच्या. काम झालं की पिना काढायच्या आणि पूल गाडीत भरून पुढं न्यायचा. आबा सांगायचे, आपली तिफणही तशीच. खोडात फण ठोकायचा तो पाचर मारून, खिळा मारून नव्हे. शेतकऱ्याला बांधावर बसून फण काढता आला पाहिजे, घट्ट करता आला पाहिजे. ऐन वाफशात त्यानं सुताराच्या दारात येऊन बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

बाभूळ तोडायची ती अंधाऱ्या पंधरवड्यात. मग ओंडके ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, म्हणजे कीड धरत नाही. पुढं सावलीत वाळवण. उन्हात टाकलेलं लाकूड तडकतं. पाडव्यानंतर तासणं सुरू व्हायचं आणि मृगापर्यंत आमच्या लिंबाखाली ढलप्यांचा ढीग वाढत जायचा. खोडावर खतावणीनं रेघ ओढून आबा तीन चौकोनी भोकं आखायचे. ज्वारीची तिफण असेल तर फणांत अठरा इंच. भोकं किंकऱ्यानं दोन्ही बाजूंनी पाडत आणायची, तिरकी, कारण फण जमिनीत पुढं झुकून शिरावा लागतो. तिन्हींचा कल एकच हवा. एक फण जरी उथळ चालला तरी त्या तासाचं बी ओलीवर पडत नाही.

मग सुतळी. जुवाच्या मध्यापासून डाव्या फणापर्यंत एक, उजव्यापर्यंत तेवढीच दुसरी. जुवाकडचं टोक मी धरायची. "माय, हात हालवू नको." जराही फरक निघाला तर पाचर काढून पुन्हा. तिफण तिरकी ओढली गेली तर एका बैलाच्या खांद्यावर ओझं येतं, आणि बैल सांगू शकत नाही, असं ते म्हणायचे.

सगळ्यांत आवडता भाग शेवटचा. चाड्याला तीन भोकं, त्यांतून तीन वेळूच्या नळ्या खाली फणांपर्यंत. आबा नळ्यांखाली तीन वाट्या ठेवायचे आणि ज्वारीची मूठ चाड्यावर धरून बोटांच्या फटींतून दाणे सोडायचे. मग वाट्या माझ्यापुढं. मी दाणे मोजायची. एका वाटीत कमी निघाले की ते त्या भोकाच्या कडेवरून बारीक कानस फिरवायचे, नळीत फुंकर मारायचे, पुन्हा मूठ. अंक मी शाळेत शिकले असेन, पण मोजणं तिथं शिकले. दोन-चार दाण्यांचा फरक राहिला तर मला चालायचा, त्यांना नाही.

या कामाला उतार लागला तो आमच्या जिल्ह्यातूनच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. संकरित बियाण्यानं शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, ते मी नाकारणार नाही. पण महागाचं बी कुणी मुठीनं सोडत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, ज्वारीची रानं कापसाखाली गेली आणि कापूस तर टोकण पद्धतीनं, हातानं लावायचा. उरलेली पेरणी लोखंडी तिफणीनं, पुढं ट्रॅक्टरनं. वेल्डिंगवाल्यांचा आबांनी कधी राग केला नाही. उलट एकाला फणांचा कल समजावून सांगायला दुपारभर त्याच्या दुकानात बसून आले. माझ्या मते त्यांच्या फौजीपणाची खरी खूण छातीवरच्या पदकापेक्षा ही होती.

काम कमी झालं तसे ते नातवंडांकडं वळले. घरात मूल उभं राहू लागलं की पांगुळगाडा तयार. त्याच्या चाकांचा मेळही सुतळीनंच बघायचे. आणि लेकराच्या हातांना कूस लागू नये म्हणून दांडी स्वतःच्या गालावर फिरवून पाहायचे. भावकीतली सगळी पोरं त्या दांड्यांना धरून चालायला शिकली.

त्यांनी केलेली एक तिफण चुलत्यांकडं अजून चालते, रब्बीच्या ज्वारीला. यंदा तिचा मधला फण झिजला आहे. बाभूळ डोहात टाकून ठेवली आहे. तासणारा मात्र शेजारच्या गावाहून बोलवावा लागेल, आणि त्यालाही वेळ दिवाळीच्या आधी नाही.