व्हिसावरचा पेशा आधी वाचा, तिकीट नंतर काढा

रामटेक, मनसर, कामठी, नागपूर. आपल्या मोहल्ल्यांतली आयटीआय झालेली मुले आज इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक म्हणून सौदी, दुबई, कुवेतला जायचे म्हणतात. शाळेत शिकवत असल्यामुळे माजी विद्यार्थी आणि त्यांचे अब्बा-अम्मी कागद घेऊन आमच्याकडे येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, व्हिसा खरा आहे ना?"

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न अर्धाच आहे. व्हिसा शंभर टक्के खरा असतो आणि तरीही तुमच्या मुलासाठी चुकीचा असू शकतो. म्हणून दुसरा प्रश्नही विचारा, "हा व्हिसा कोणत्या कामाचा आहे?"

मेहना म्हणजे काय?

खाडी देशांच्या नोकरीच्या व्हिसावर पेशा लिहिलेला असतो. अरबीत त्याला 'मेहना' म्हणतात. तिथला कायदा तुमच्या मुलाला या एका शब्दाने ओळखतो. त्याच्या हातात काय हुनर आहे, आयटीआयचे सर्टिफिकेट आहे की नाही, हे नंतर येते.

आपल्या घरात उर्दू वाचणारे कोणी ना कोणी असतेच. अरबी लिपी त्यांना ओळखीची आहे. मग एजंटच्या तोंडाकडे का पाहायचे? कागद स्वतः वाचा. 'कहरबाई' म्हणजे इलेक्ट्रिशियन, 'सब्बाक' म्हणजे प्लंबर, 'लह्हाम' म्हणजे वेल्डर, 'नज्जार' म्हणजे सुतार, 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर. नुसते 'आमिल' लिहिले असेल तर तो साधा मजूर. 'आमिल मंझिली' म्हणजे घरकामगार आणि 'साइक खास' म्हणजे एखाद्या घरचा खासगी ड्रायव्हर.

समजा मुलगा वेल्डर आहे आणि एजंट म्हणतो, "साइक खासचा व्हिसा आहे, तिथे गेल्यावर वेल्डिंगचेच काम मिळेल." इथेच थांबा. सौदीत घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर सर्वसाधारण कामगार कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. अशा व्हिसावर वर्कशॉपमध्ये काम करताना मुलगा सापडला तर दंड, अटक, परत पाठवणी होऊ शकते. पगार बुडाला तर दाद मागायलाही जागा उरत नाही, कारण कागदावर तो त्या वर्कशॉपचा कामगारच नसतो.

कुवेतमध्ये हा फरक आकड्यांत आहे. 18 नंबरचा व्हिसा खासगी कंपनीचा, 20 नंबरचा घरकामाचा आणि 22 नंबरचा कुटुंबीयांचा. 20 नंबरवर जाऊन कंपनीत काम करणे बेकायदा आहे.

'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा नसतो

"आझाद व्हिसा आहे, कुठेही काम करा," असे सांगितले जाते. कोणत्याही सरकारच्या यादीत असा व्हिसा नाही. प्रत्यक्षात कोणीतरी कफील आपल्या नावावर व्हिसा काढून विकतो आणि मुलगा काम दुसरीकडे करतो. कफीलने 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की मुलगा अडकला. 2013 मध्ये सौदीने 'निताकत'च्या काळात कागद दुरुस्त करायला 3 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होती. ज्यांचा कफील एक आणि काम दुसरीकडे होते, त्यांना तेव्हा एकतर कागद बदलावे लागले किंवा घरी परतावे लागले.

व्हिजिट व्हिसा आणि उमरा व्हिसा यांवरही नोकरी करता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीने 2024 मध्ये नियम कडक केले. योग्य परवान्याशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाला आता 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो. "व्हिजिटवर जा, तिथे बदलून देऊ" हे वाक्य ऐकले की सावध व्हा.

कोणासाठी कोणता मार्ग?

*आयटीआय झालेले, सौदीला जाणारे :* प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन अशा पेशांसाठी सौदीची कौशल्य तपासणी परीक्षा आहे. ती भारतातच द्यावी लागते. ज्या पेशाची परीक्षा पास केली तोच पेशा व्हिसावर आला पाहिजे. कंपनीचा करार 'किवा' या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत नोंदवला जातो. घरकामगारांची व्यवस्था 'मुसानिद' वेगळी आहे. करार 'मुसानिद'वर आणि आश्वासन कंपनीचे, असे असेल तर गडबड आहे.

*दुबई, शारजा, अबुधाबीला जाणारे :* तिथल्या कामगार मंत्रालयाचे ऑफर लेटर निघण्याआधी मागा. ते अरबी आणि इंग्रजीसोबत उर्दू किंवा हिंदीतही मिळते. पगार, पेशा, सुट्टी घरी बसून वाचा. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथल्या कायद्याने मालकाला बंदी आहे.

*पदवीधर आणि इंजिनिअर :* अमिरातीत पदवी, वरच्या दर्जाचा पेशा आणि किमान 15,000 दिरहम पगार असेल तर 5 वर्षांचा ग्रीन व्हिसा मिळू शकतो. त्यात राहण्याचा परवाना मालकावर अवलंबून नसतो. अमिरातीसाठी पदवीवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास असे शिक्के लागतात. सौदी डिसेंबर 2022 पासून अपोस्टिल मानते. या कामाला वेळ लागतो, म्हणून ऑफरची वाट न पाहता सुरुवात करा.

*जर्मनीचा विचार करणारे :* फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. तिथे जर्मन भाषा आणि आपल्या सर्टिफिकेटला मिळणारी मान्यता या दोन गोष्टींवर सगळे ठरते. जून 2024 पासून मिळणारे 'चान्सनकार्ट' हे नोकरी शोधण्यासाठी आहे. त्यावर आठवड्याला 20 तासच काम करता येते. कोणी तेच नोकरीचा व्हिसा म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका.

आपल्या बाजूचे कागद

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. खाडी देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना भारत सरकारचा इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. याला झंझट समजू नका. तो देताना मालक आणि करार तपासला जातो. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनाही घ्यावी लागते. हप्ता 2 वर्षांसाठी 275 रुपये, 3 वर्षांसाठी 375 रुपये आणि कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास संरक्षण 10 लाख रुपयांचे.

दहावी पास असलेल्यांना हा क्लिअरन्स लागत नाही. त्यामुळे त्यांचा करार इकडे कोणी तपासत नाही, तो त्यांनी स्वतःच तपासायचा. नर्स झालेल्या मुलींचे मात्र वेगळे आहे. त्यांना दहावी-बारावी पास असूनही या 18 देशांत नोकरीला जाताना क्लिअरन्स घ्यावाच लागतो.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसते. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेऊ शकतो. पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख रोख मागणारा माणूस नात्यातला असला, ओळखीचा असला, नमाजी असला तरी नियम तोच.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

1. व्हिसावर पेशा कोणता लिहिला आहे?
2. तोच पेशा ऑफर लेटरवर आणि मुलाच्या सर्टिफिकेटवर आहे का?
3. मालक कंपनी आहे की घर?
4. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर सापडतो का?
5. पावती मिळणार का?

एकाही प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले तर पासपोर्ट हातातून सोडू नका. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला 1800-11-3090 या टोल फ्री नंबरवर विचारा. अम्मीचे दागिने गहाण ठेवून किंवा जमीन विकून मुलगा जाणार असेल, तर त्या कागदावरचा एक शब्द वाचायला लागणारी पाच मिनिटे घरातल्या सगळ्यांनी मिळून काढावीत, एवढीच आमची विनंती.