मांडी ही सुरक्षित जागा नव्हे!

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे तीन वर्षांच्या मुलाला घेऊन धावतच दवाखान्यात आले. मुलाच्या कपाळातून रक्त वाहत होते. लग्नाहून परतताना मोटारीसमोर अचानक म्हैस आली, वडिलांनी करकचून ब्रेक दाबला आणि पुढे आईच्या मांडीवर बसलेला मुलगा डॅशबोर्डवर आदळला. "डॉक्टर, मी त्याला घट्ट धरलं होतं हो!" आई पुन्हा पुन्हा सांगत होती. सुदैवाने पाच टाक्यांवर निभावले.

त्या माउलीचे म्हणणे खरेच होते. पण ताशी पन्नास किलोमीटर वेगाची मोटार कशावर तरी धडकून थांबली, तर दहा किलोचे मूल त्या क्षणी दीड-दोन क्विंटलाच्या जोराने पुढे फेकले जाते. हे ओझे कोणाच्याही हातांना पेलणारे नाही. आई आणि मूल दोघांभोवती एकच पट्टा लावणे तर अधिकच घातक. आईच्या वजनाखाली मूल चिरडते.

हल्लीच्या मोटारींत पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती मोठ्या माणसांच्या बेताने बनवलेली असून पापणी लवण्याआधी फुगते. तिचा तडाखा लहान मुलाच्या मानेला, डोक्याला जीवघेणा ठरू शकतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता मोटार चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. मूल पुढे कधी बसवावे, याचे वय मात्र या कलमात नाही. तेरा वर्षांपर्यंत मुलांनी मागेच बसावे, असा वैद्यकीय सल्ला आहे.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे :

● तान्ह्या बाळाचे डोके जड व मान कोवळी असते. त्याचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस येईल असे बसवावे. निदान दोन वर्षांपर्यंत तसेच ठेवलेले उत्तम. एअरबॅगसमोर हे आसन कधीही ठेवू नये.

● त्यानंतर पुढे तोंड असलेले, स्वतःचे पट्टे असलेले बालआसन वापरावे.

● ते लहान पडू लागले की उंची वाढवणारी बैठक घ्यावी. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत मोटारीचा पट्टा मुलाला नीट बसत नाही. पट्टा खांद्यावरून व मांड्यांच्या वरच्या भागावरून जावा. गळ्यावरून वा पोटावरून नव्हे.

"पण डॉक्टर, आसनात बसवलं की तो रडतो," असे पालक म्हणतात. लस टोचतानाही मूल रडतेच की! म्हणून आपण लस टाळत नाही. माझ्या मुली लहान असताना मीही त्यांना पुढे मांडीवर घेऊन हिंडलो आहे. काही झाले नाही, हे केवळ नशीब. तुम्ही मात्र नशिबावर विसंबू नका.