पासावर न उमटणारा खर्च

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात शिकणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. शिक्षणसंस्थेच्या दाखल्यावर रेल्वेचा सवलतीचा मासिक वा त्रैमासिक पास मिळतो. कुर्ल्याहून पुढे बस, नाहीतर शेअर रिक्षाची रांग. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले, कमावत्यास ही वाढ किरकोळ वाटेल, विद्यार्थ्यास ती रोज दोनदा जाणवते.

तरीही पैशांचा हिशेब घरोघरी मांडला जातो, वेळेचा नाही. ग्रंथालयात बैठक जमते न जमते तोच परतीच्या गर्दीची धास्ती मनात डोकावते. प्राध्यापकांना शंका विचारणे उद्यावर जाते. गाडीत वाचन होते, हा वडीलधाऱ्यांचा समज. सकाळी डोंबिवलीस चढणाऱ्याला पुस्तक उघडण्याइतका हातही मोकळा मिळत नाही. म्हणून काही जण आधी उलट्या दिशेने कल्याणला जाऊन जागा धरतात आणि त्यापायी झोप मोडतात. परीक्षेच्या दिवसांत कोणी कुर्ल्याजवळच्या नातलगांकडे मुक्काम हलवतो; ज्याला तशी सोय नाही, तो दोन गाड्या आधीची लोकल पकडून परीक्षा केंद्राच्या पायरीवर उजळणी करीत बसतो.