वहीतली नोंद, मागावरची बरकत

तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत २००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापन सल्लागार फुकट दिले. सल्ला अगदी साधा: मागांची देखभाल वेळेवर करा, कापडातला दोष रोज वहीत टिपा, सुताच्या गोण्यांवर चिठ्ठी लावा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली! कित्येक मालकांना या साध्या उपायांची गरजच वाटली नव्हती. मला मात्र दुसरा निष्कर्ष जास्त अस्वस्थ करतो. चोरीच्या धास्तीने मालक बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार देत नसत. त्यामुळे कारखाना किती वाढणार, हे बरंचसं घरात मुलगे आणि भाऊ किती, यावर ठरे.