अण्णांचं पिस्तूल, माझा खिसा

पहाटे ५.१५

रोह्यात कुंडलिकेवरून गार वारा येत असतो, घरात कुणी उठलेलं नसतं, तेव्हा मी तिजोरी उघडते. वरच्या कप्प्यात दुकानाच्या वह्या, खालच्या कप्प्यात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं अण्णांचं पिस्तूल. अण्णा म्हणजे माझे सासरे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं, .३२ बोअरचं, सदऱ्याच्या खिशात मावेल एवढं. आमची सराफी पेढी, माल आणि रोकड घेऊन फिरणं आलंच, म्हणून त्यांनी ते चाळीस वर्षं जवळ बाळगलं. चाळीस वर्षांत ते कुणावर रोखल्याचं घरात कुणालाही आठवत नाही.

अण्णांनी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशा वेळी शस्त्र वारसाच्या नावावर करण्याची सोय आहे आणि वारसांत सूनही बसते. माझे यजमान जहाजावर असतात, पेढी मी चालवते. म्हणून अर्ज माझ्या नावाने अलिबागला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेला. पोलिसांची चौकशी झाली, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला झाला, शस्त्र कुलपात ठेवीन असं लेखी हमीपत्र झालं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र झालं. परवाना पाच वर्षांचा मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो तीन वर्षांचा असे. परवाना हातात आला त्या दिवशी मला वाटलं, शिकून झालं. तेव्हा शिक्षणाची नुसती बाराखडी झाली होती.

पहिलं काम तपासणी. नळी रिकाम्या भिंतीकडे, बोट चापापासून लांब. मॅगझिन बाहेर. स्लाइड मागे. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग करंगळीचं टोक घालून चाचपायचं, कारण पहाटेच्या उजेडात डोळे फसतात. मग काडतुसं मोजायची, वहीतल्या आकड्याशी ताडायची आणि शेजारच्या खोलीत ठेवून यायची. त्यानंतर पंधरा मिनिटं कोरडा सराव. सरावाचं नकली काडतूस घालायचं, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पडता चाप ओढायचा. सुरुवातीला नाणं दर वेळी फरशीवर वाजायचं आणि अण्णा आतल्या खोलीतून विचारायचे, "काय गं, पडलं का?" आता दहात आठ वेळा ते जागेवर राहतं.

सकाळी ७.००

साडीला खिसा नसतो. पंजाबी ड्रेसला असतो, पण नावापुरता. पर्समध्ये ठेवायचं म्हटलं तर पर्सच आधी हिसकावली जाते, म्हणजे आपलं शस्त्र आपणच चोराच्या हातात दिल्यासारखं. शेवटी बाजारातल्या शिंपीदादांकडून कुर्त्याच्या उजव्या बाजूला जाड कापडाचा खोल खिसा शिवून घेतला. त्यात चामड्याचं छोटं होल्स्टर बसतं, पिस्तूल उभं राहतं आणि चापावर कव्हर असतं. नियमही तेच सांगतो: सार्वजनिक जागी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं.

त्या खिशात दुसरं काहीही जात नाही. किल्ली, नाणं, रुमाल, मुलीने दिलेलं चॉकलेट, काहीच नाही. चापाच्या कडीत अडकलेली एक किल्ली अपघाताला पुरते. ही सवय लागायला मला दोन महिने लागले. बाईच्या हाताला जो खिसा सापडेल त्यात वस्तू टाकायची सवय असते, ती मोडावी लागली.

सकाळी ८.००

मुलीला शाळेत सोडायचं. या फेरीला पिस्तूल घरी तिजोरीतच. परवान्याच्या अटी मी पाठ केल्या आहेत: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचा परिसर, इथे शस्त्र न्यायचं नाही. गाडीत ठेवून फाटकापर्यंत गेलं तर काय बिघडतं, असं एका ओळखीच्यांनी विचारलं होतं. बंद गाडी ही तिजोरी नव्हे. गाडीची काच दगडाने फुटते आणि मग ते शस्त्र कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

सकाळी ९.१५

आठवड्यातून दोनदा मी पेणला जाते. कारागिरांकडे काम द्यायचं असतं आणि शिकवणी असते. रोहा, भिसे खिंड, नागोठणे, वडखळ, पेण. निघताना मॅगझिन बसवते, चेंबर मात्र रिकामं. आजकालच्या बऱ्याच पिस्तुलांत हातातून पडलं तरी बार उडू नये असा आतला अडसर असतो. अण्णांचं पिस्तूल त्याआधीच्या काळातलं, त्यावर तसा भरवसा ठेवायचा नाही.

भिसे खिंडीत माझा हात आपोआप गिअरवर घट्ट होतो. तीन वर्षांपूर्वी, पिस्तूल अण्णांच्या नावावर होतं तेव्हा, मी पेणहून एकटी येत होते. नागोठण्यापासून एक मोटरसायकल मागे लागली. मी हळू केलं की तीही हळू, मी जोर केला की तीही. खिंडीत शिरण्याआधी मी गाडी वळवली आणि सरळ मागच्या पेट्रोल पंपाच्या उजेडात, माणसांत नेऊन उभी केली. मोटरसायकल पुढे निघून गेली. पंपावरून घरी फोन केला, दिराला बोलावलं, त्यांच्या गाडीमागून घरी आले. त्या रात्री मला वाचवलं ते आरशाने आणि उजेडाने. आज खिशात पिस्तूल असताना मी ती गाडी वळवीन की खिंडीत शिरेन? पेणला जाऊन मी शिकते ते याच प्रश्नाचं उत्तर.

सकाळी १०.३०

आमचे शिक्षक सैन्यातले निवृत्त सुभेदार. घर पेणमध्ये, मागे पत्र्याची लांब खोली. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा आणि रंगाचा वास येतो. विद्यार्थी चार: दोन व्यापारी, एका कारखान्याचे रोखपाल आणि मी. खोलीत खरी काडतुसं आणायची नाहीत, दारातच मॅगझिन काढून जमा करायचं, आणि एकाने तपासलं की दुसऱ्याने पुन्हा तपासायचं. गोळी चालवण्याचा सराव महिन्यातून एकदा, मुंबईकडच्या चांदमारीवर. पहिल्यांदा मी सात मीटरवरून दहा गोळ्या झाडल्या आणि कागदाला दोनच लागल्या.

"ताई, लहान पिस्तूल सोपं असतं हा सगळ्यांचा गैरसमज," सुभेदारसाहेब म्हणाले होते. "लहान म्हणजे अवघड." त्यांनी मुद्दे एकेक करून दाखवले. नळी आखूड, म्हणून नेमाच्या दोन खुणांमधलं अंतर कमी. मनगट केसभर हललं तरी गोळी वीतभर सरकते. मूठ आखूड, म्हणून करंगळीला जागा नाही आणि पकड अर्धी. वजन कमी, म्हणून झटका हाताला जास्त बसतो आणि दुसरा नेम उशिरा लागतो. खिशातलं शस्त्र बाळगायला सोयीचं, चालवायला मात्र रोजचा रियाज मागणारं.

रोखपालांना नवीन घ्यायचं आहे. मोठं आणि जोरदार हवं, ९ मिमी, असं त्यांचं म्हणणं. तो बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात तर ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. मग देशी .३२. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची चौकशी मीही केली होती. सुमारे अर्ध्या किलोचं, बायकांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. सुभेदारसाहेबांनी तेव्हा एकच सांगितलं, "रोज पंधरा मिनिटं देणार असाल तर कुठलंही चालेल. देणार नसाल तर कुठलंच नको."

दुपारी १२.००

कायद्याचा तास. फळ्यावर दोनच आकडे, ३७ आणि ३८. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. ३८ सांगतं की मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्काच्या मर्यादेत येऊ शकतो. ३७ त्या हक्काला कुंपण घालतं: पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. गळ्यातली साखळी ओढून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते संरक्षण ठरवणं कठीण. तो पळाला तेव्हा माझ्या जिवाचा धोकाही गेला. साखळी गेली तर जाऊ दे. आमच्या धंद्यात ती पुन्हा घडवता येते.

शस्त्र कायद्याचा इतिहासही ते सांगतात. १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्र कायदा करून हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं. ते याच जिल्ह्यातल्या, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला, परवाना मात्र ठेवला. "तेव्हा सरकारला आपली भीती होती," सुभेदारसाहेब म्हणाले, "आता शेजाऱ्याला आपली भीती वाटू नये म्हणून परवाना आहे."

दुपारी १.३०

डबे उघडतो. घावन, हिरवी चटणी, सुभेदारसाहेबांच्या घरच्या काकूंनी तळून दिलेले पेणचे पोह्याचे पापड. जेवताना विनोबांचा विषय निघाला, कारण गागोदे याच तालुक्यात आणि विनोबा तिथे १८९५ मध्ये जन्मले. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे येऊन बंदुका खाली ठेवल्या. मला वाटलं होतं, बंदूक शिकवणारा माणूस हा विषय टाळेल. सुभेदारसाहेब म्हणाले, "ठेवता येणं ही मोठी गोष्ट. मी तुम्हाला काढायला शिकवतो त्याहून जास्त वेळ ठेवायला शिकवतो."

दुपारी २.३०

तेच शिकणं. हातात लाकडी पिस्तूल. एकजण अंगावर धावून येतो. आपण आधी मोठ्याने ओरडायचं, "मागे हो!" मग तिरकं सरकायचं, मध्ये टेबल किंवा गाडी येईल असं, आणि वाट दिसली की पळायचं. हात खिशाकडे जातो तो या तिन्ही गोष्टी संपल्यावर. आज मी दहा वेळा केलं आणि तीन वेळा हात आधीच खिशात गेला. त्या तीनदा सुभेदारसाहेबांनी सगळं थांबवलं. "ताई, मागे कोण उभं होतं?" मला सांगता आलं नाही. मागे काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

संध्याकाळी ५.३०

परतताना खिंड उजेडी पार करते. दिवस मावळायच्या आत घर, हा नियम पिस्तुलाआधीचा आणि पिस्तुलानंतरचाही. दुकानात नवरात्राची गर्दी. माझ्या खिशात काय आहे ते नोकरांना ठाऊक नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. ते दाखवायची वस्तू नव्हे. शटर ओढताना आम्ही तिघं एकत्र असतो, एकजण रस्त्याकडे तोंड करून उभा, ११२ हा आकडा फोनवर पहिल्या जागी.

रात्री ८.१५

घरी आल्यावर पहाटेचीच रीत, उलट क्रमाने. मॅगझिन, स्लाइड, करंगळी, मोजणी, तिजोरी. मग हातपाय धुऊन मी आणि मुलगी धावीर महाराजांच्या देवळात जातो. ग्रामदैवताचं नवरात्र, देवळापुढे माणसांचा पूर. इथे खिसा रिकामा. दसऱ्यानंतर महाराजांची पालखी निघेल आणि पोलीस दल देवाला सशस्त्र मानवंदना देईल. त्या गर्दीत बंदूक असेल ती गणवेशातल्यांच्या हातात, आणि तेच बरोबर आहे.

मुलीने विचारलं, "खंडेनवमीला आजोबांचं पिस्तूल पुजायचं ना?" पुजायचं. रिकामं, मॅगझिन वेगळं, काडतुसं कुलपात, आणि आरतीनंतर लगेच तिजोरीत. हवेत बार काढायची हौस कुणी केली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

रात्री १०.००

वहीत आजची नोंद: काडतुसं आली तेवढी, गेली शून्य. नाणं पडलं दोनदा. हात आधी खिशात, तीनदा. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझं नशीब चांगलं होतं."

कोकणात अनेक घरांत असं जुनं हत्यार आहे. कुठे सराफाचं पिस्तूल, कुठे डुकरांपासून शेत राखायची बंदूक. ते मुलाच्या, मुलीच्या, सुनेच्या नावावर करताना कागद पूर्ण करता, तशी शिकवणीही पूर्ण करा. ज्याला रोज पंधरा मिनिटं देता येणार नाहीत, त्याने ते रीतसर पोलीस ठाण्यात जमा करावं. त्यात कमीपणा नाही. हत्यार वारशाने मिळतं. हात आवरण्याची सवय ज्याची त्याला लावून घ्यावी लागते.