विज्ञानकादंबरीतील नगर आणि नगराबाहेरची भूमी

विज्ञानसाहित्यातील नगराचे वर्णन बहुधा वास्तूपासून सुरू होते आणि वास्तूपाशीच संपते. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत माणसे भूगर्भातील एकेकट्या खोल्यांत राहतात व त्यांच्या साऱ्या गरजा यंत्र भागविते. आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘द केव्हज ऑफ स्टील’ (१९५४) या कादंबरीतील न्यूयॉर्क पूर्णतः आच्छादलेले आहे. सरकते रस्ते, सामुदायिक भोजनगृहे, दर्जानुसार मिळणाऱ्या सवलती यांतून नगरवासीयांचे मानस उभे राहते. उघड्या आकाशाची त्यांना वाटणारी भीती हा या वास्तुरचनेचाच परिणाम होय. वास्तू स्वभाव घडविते, हा विचार इतक्या नेटकेपणाने मांडणारी विज्ञानकादंबरी विरळाच.

तथापि याच कादंबरीतील एक तपशील वाचताना सहज निसटून जातो. नगराला लागणारे पाणी, धान्य व खनिजे बाहेरच्या मोकळ्या भूमीतून येतात, असे लेखक ओझरते सांगतो; मात्र तेथील खाणी आणि शेते यंत्रमानव सांभाळतात. नगराच्या सोयीसाठी परिसर निर्मनुष्य कल्पिला गेला आहे.

ही कल्पना शहापूर-मुरबाडच्या भूगोलाशी ताडून पाहिली म्हणजे तिच्यातील उणीव स्पष्ट होते. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यातले, भातसाही तिथलेच. भातसेचे पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या मजल्यामजल्यावर चढते. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भार या एका धरणावर आहे. बारवी धरणाची उंची वाढली तशी मुरबाड तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर कल्याण-अंबरनाथ परिसरातील वस्ती व कारखाने चालतात. शहापूरच्या कित्येक आदिवासी पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. असिमॉव्ह यांनी जेथे यंत्रमानव ठेवले, तेथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहतात.

मराठीत जयंत नारळीकर यांची ‘हिमप्रलय’ ही कथा मुंबईतील हिमवर्षावापासून सुरू होते. निसर्गाची घडी विस्कटली की महानगर किती अगतिक ठरते, हे ती परिणामकारकपणे दाखविते. तिचे लक्ष शास्त्रज्ञ, पत्रकार व सत्ताधारी यांच्यातील संवादाकडे आहे. महानगराला पाणी पुरविणारा मुलूख तिच्या कक्षेत येत नाही. तो तिचा विषयही नव्हता, हे मान्य करावे लागते.