गांजा, हृदय आणि बहरीनचा उन्हाळा

घरापासून दूर, बहरीनसारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी तरुणांच्या आरोग्यासंबंधी एक गोष्ट आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. गांजा म्हणजे केवळ झाडपाला, त्याने देहाला अपाय होत नाही, असा समज पुष्कळांच्या मनात असतो. होळीची भांग लहानपणापासून पाहिलेल्यांना तर त्यात काही वावगे वाटत नाही. हृदयाची साक्ष मात्र निराळी आहे.

गांजाचा धूर घेतल्यावर काही मिनिटांतच नाडीचे ठोके मिनिटाला 20 ते 50 ने वाढू शकतात. रक्तदाबाचा प्रकार तर विलक्षणच. मनुष्य निजलेला असता तो किंचित चढतो. उठून उभे राहताच एकाएकी उतरू शकतो, कारण रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. डोळे लाल होतात तेही त्यामुळेच. अशा वेळी घेरी येऊन मनुष्य कोसळतो.

बहरीनमध्ये उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यास तेथे सरकारी मनाई असते, ती उगीच नव्हे. घामाने शरीरातील पाणी घटते, रक्तदाब उतरतो. त्यात गांजाची भर पडली तर धोका दुणावतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. हृदय अधिक धावते आणि त्याला प्राणवायू मात्र कमी मिळतो. छातीत कळ येणाऱ्या 10 रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला, त्याचा अहवाल 1974 साली प्रसिद्ध झाला. गांजा ओढल्यावर व्यायाम करताना कळ येईपर्यंतचा अवधी जवळजवळ निम्म्याने घटला होता. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 4.8 पट आढळला.

निरोगी तरुणाला प्रत्येक वेळी झटका येतो असे नव्हे. परंतु हृदयातील दोष पुष्कळदा आधी कळून येत नाही, हीच खरी भीती होय.

बहरीनच्या कायद्यात गांजा बाळगणे हा गुन्हा असून त्यापायी तुरुंगवास भोगावा लागतो. त्या भीतीने कित्येकजण छातीत दुखत असताही खोलीतच पडून राहतात. आमची कळकळीची विनंती अशी की, छातीत कळ, धाप वा मूर्च्छा आल्यास सोबत्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 999 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मायदेशी वाट पाहणाऱ्या आईवडिलांना मुलाच्या पगाराहून त्याचा जीव अधिक मोलाचा असतो.